‘कॅम्प’ या शब्दाची कुळकथा

माणसांना जसे कूळ असते तसे शब्दांनाही असते, असे व्याकरणाच्या तासाला आम्हांस अनेकदा सांगण्यात आले होते. परंतु त्याची खरी प्रचीती यंदा या अंकाच्या तयारीच्या वेळी आली. आमच्या शाळेच्या बालवीर पथकाने तीन दिवस माळावर तंबू ठोकून मुक्काम केला होता. त्याचा वृत्तान्त अंकासाठी लिहून तयार झाला आणि शीर्षकापाशी अडला. लिहिणाऱ्याने ‘आमचा स्काउट कॅम्प’ असे शीर्षक दिले होते. तपासणाऱ्याने ‘कॅम्प’ खोडून ‘शिबिर’ केले. एका शब्दाची ती खोडाखोड. पण तिच्यावरून दोन दिवस आमच्या वर्गात जो वाद पेटला, तो शेवटी शब्दापुरता राहिला नाही.

एका पक्षाचे म्हणणे असे की, आपण सीमेवर राहणारी माणसे. पुण्यामुंबईच्या मुलाने एखादा मराठी शब्द टाकला तर त्याचे फारसे काही बिघडत नाही. तो मराठीच्या भर बाजारात उभा आहे. आपले तसे नाही. साधा कागद मराठीत मिळावा म्हणून आपल्या वडीलधाऱ्यांनी अर्ज-विनंत्या केल्या, १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून हा विषय घराघरांत बोलला गेला, आणि आपणच हातचा मराठी शब्द सोडून परका उचलावा काय? दुसऱ्या पक्षाचे उत्तर असे की, बेळगावात जन्मलेल्या माणसाने ‘कॅम्प’ या शब्दाला परका म्हणावे हे हास्यास्पद आहे. आजीसुद्धा ‘कॅम्पात जाऊन येते’ असे म्हणते. तिला इंग्रजीचे एक अक्षर येत नाही. दोन्ही बाजूंचे आवाज चढत गेले. पाचवीपासून एका बाकावर बसणाऱ्या दोन मित्रांपैकी एकाने आपले दप्तर उचलून दुसरीकडे नेले. तेव्हा गुरुजी एवढेच म्हणाले, “ज्या शब्दावरून भांडता तो कोणाचा, हे आधी पाहा. मग हवे तर भांडा.”

म्हणून आम्ही कोश उघडले. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवून, शेवटी आमचे मतही सांगावे, असा या लेखाचा हेतू आहे.

‘कॅम्प’ हा शब्द इंग्रजीत आला तो फ्रेंच व इटालियन भाषांच्या वाटेने. त्याचे मूळ लॅटिन ‘कॅम्पस’ या शब्दात आहे. या मूळ शब्दाचा अर्थ तंबू नव्हे, पलटण नव्हे, सैन्यही नव्हे. ‘कॅम्पस’ म्हणजे मोकळी, सपाट जमीन. आपल्या भाषेत सांगायचे तर माळ. रोमन सैन्याच्या तटबंदीयुक्त मुक्कामाला लॅटिनमध्ये वेगळाच शब्द होता, तो ‘कास्त्रा’. इंग्लंडातील मँचेस्टर, विंचेस्टर, लँकेस्टर या नावांच्या शेपटीत तो अजून टिकून आहे. कारण त्या गावांच्या जागी एके काळी रोमन सैन्याचे तळ पडले होते. म्हणजे सैन्याचा शब्द गावांच्या नावांत गेला, आणि माळाचा शब्द सैन्याकडे आला.

हे स्थित्यंतर कसे झाले असावे, हे समजण्यास रोम शहराचेच उदाहरण उपयोगी पडते. त्या शहराबाहेर मार्स या युद्धदेवतेच्या नावाचे एक विस्तीर्ण मैदान होते. त्याला ‘कॅम्पस मार्शियस’ म्हणत. शहराच्या पवित्र सीमारेषेच्या आत शस्त्रधारी सैन्याने येऊ नये, असा रोमनांचा दंडक होता. त्यामुळे सैनिकांची कवायत या बाहेरच्या मैदानावर होई. त्याच मैदानावर नागरिकांची गणना होई आणि अधिकाऱ्यांच्या निवडीसाठी मतदानही होई. एकाच माळावर शस्त्रही चाले आणि मतही चाले. पुढे या शब्दाच्या वंशात जी दोन प्रकारची संतती दिसते, तिचे बीज जणू त्या मैदानातच होते.

मैदान म्हटले की लढाई आलीच. जुन्या इंग्रजीत याच कुळातील ‘कॅम्प’ हा शब्द चक्क लढाई या अर्थाने वापरीत. जर्मन भाषेत ‘कांफ’ म्हणजे आजही झुंज. यात नवल वाटण्याचे कारण नाही. आपणही युद्धभूमीला रणांगण म्हणतो; अंगण ही घरापुढची मोकळी जागा, तिला रण जोडले की काम झाले. आपल्या बेळगाव-कोल्हापूरकडे तर कुस्त्यांच्या सामन्यालाच ‘मैदान’ म्हणतात. गावच्या यात्रेत ‘जंगी मैदान’ भरते आणि जिंकणारा पैलवान ‘मैदान मारतो’. लॅटिनमध्ये हेच घडले. मैदानात उतरणारा तो ‘कांपिओ’. त्याचाच पुढे ‘चॅम्पियन’ झाला. मध्ययुगीन युरोपात न्यायनिवाड्यासाठी द्वंद्वयुद्ध करण्याची प्रथा होती. वृद्ध, स्त्रिया अथवा दुर्बळ माणसे स्वतः लढू शकत नसत. त्यांच्या वतीने जो मैदानात उतरे तो त्यांचा चॅम्पियन. आज आम्ही केवळ चषक उचलणाऱ्याला चॅम्पियन म्हणतो. जो दुसऱ्यासाठी उभा राहतो तो चॅम्पियन, हा जुना अर्थ आम्हांस अधिक मोठा वाटतो.

‘कॅम्पेन’ हा शब्दही याच घराण्यातला. फ्रेंच भाषेत त्याचा अर्थ मोकळा मुलूख. युरोपात हिवाळ्यात सैन्ये गावोगावी निवाऱ्याला राहत आणि ऋतू पालटला की मोकळ्या मुलखात उतरत. त्या उतरण्यालाच पुढे ‘कॅम्पेन’ म्हणू लागले. मराठ्यांच्या इतिहासात याचे हुबेहूब प्रतिबिंब दिसते. फरक ऋतूचा; त्यांचा हिवाळा, आपला पावसाळा. पावसाळ्यात फौजेची छावणी पडे, आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून फौजा मोहिमेवर निघत. आज निवडणुकीच्या प्रचाराला इंग्रजीत कॅम्पेन म्हणतात आणि मराठीत स्वच्छतेचीही मोहीम निघते. दोन्ही शब्दांनी शस्त्रे खाली ठेवली आहेत.

या वंशातील सर्वांत शांत शाखा म्हणजे महाविद्यालयाचा ‘कॅम्पस’. मूळ लॅटिन शब्द जसाच्या तसा विद्यालयाच्या आवारासाठी वापरण्याची रीत अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे १७७४ च्या सुमारास सुरू झालेली दिसते. तेथील इमारतींपुढे मोकळे मैदान होते, म्हणून त्याला कॅम्पस म्हटले गेले. रणांगण झालेला शब्द अशा रीतीने पुन्हा अंगण झाला.

आता हा शब्द मराठीत कधी आला, ते पाहू. आमची कल्पना होती की तो इंग्रजांबरोबर आला. वस्तुतः त्याचा एक भाऊ त्याआधीच मराठीत येऊन बसला होता. तो म्हणजे ‘कंपू’. पोर्तुगीज भाषेतील ‘कांपो’ हा त्याचा उगम मानतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस महादजी शिंदे यांनी सॅव्हॉय प्रांतातील द बॉइन्य या सेनानीच्या हाताखाली पाश्चात्त्य पद्धतीची कवायती पायदळे उभी केली. त्या पलटणींना मराठीत ‘कंपू’ हेच नाव पडले. ग्वाल्हेरला दौलतराव शिंद्यांचा तळ १८१० मध्ये पडला, त्याचेच पुढे ‘लष्कर’ नावाचे शहर झाले, आणि त्या शहरात कंपू नावाची वस्ती आजही आहे. आपल्या शेजारच्या गोव्यात, पणजीला, ‘कांपाल’ नावाचा भाग आहे. तोही या कुळातलाच. पुढे पलटणी गेल्या, आणि मराठीत ‘कंपू’ शब्दाला निराळाच अर्थ चिकटला. आपल्यापुरते पाहणारी, बाहेरच्याला आत न घेणारी टोळी म्हणजे कंपू. ‘कंपूबाजी’ हा शब्द कोणी स्तुतीसाठी वापरीत नाही.

धाकटा भाऊ ‘कॅम्प’ बेळगावात आला तो इंग्रजांच्या पलटणींबरोबर. १८१८ मध्ये जनरल मन्रो याने बेळगावचा किल्ला घेतला. त्यानंतर शहरालगतच्या मोकळ्या जमिनीवर इंग्रजी फौजेची कायमची वस्ती झाली. सरकारदरबारी तिचे नाव ‘कँटोनमेंट’. परंतु तो शब्द लोकांच्या तोंडी बसला नाही, ‘कॅम्प’ बसला. रुंद रस्ते, मोठमोठी झाडे, कौलारू बंगले आणि कवायतीची मैदाने असा तो भाग. फौज गोऱ्यांची गेली, आपली आली. १७६८ पासून परंपरा सांगणाऱ्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र बेळगावातच आहे. आमच्यापैकी कित्येकांच्या घरचे कोणी ना कोणी तेथून सैन्यात गेलेले आहे. तेव्हा ‘कॅम्प’ हा आमच्या कानाला परका शब्द नाही, हे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे आम्हांस मान्य करावे लागले.

मग पहिल्या पक्षाचा ‘शिबिर’ शब्द तपासला. तो संस्कृत आहे आणि महाभारताइतका जुना आहे. सौप्तिकपर्वात अश्वत्थामा रात्रीच्या वेळी शिरतो तो पांडवांच्या बाजूच्या शिबिरातच. म्हणजे आज ज्या शब्दाखाली रक्तदान होते आणि डोळ्यांची तपासणी होते, तोही मूळचा रणभूमीवरचाच. ‘कटक’ हा आणखी एक जुना शब्द. सैन्य आणि सैन्याचा तळ या दोन्ही अर्थांचा. ओडिशातील कटक शहर त्या नावानेच ओळखले जाते. ‘छावणी’ या शब्दात झाकणे या अर्थाचा ‘छद्’ धातू आहे, जो ‘छत्र’ शब्दातही आहे. इंग्रजाने माळ पाहून नाव दिले. मराठी माणसाने वरचे छप्पर पाहून दिले. इतकेच काय, ‘उर्दू’ हा तुर्की शब्दसुद्धा मुळात छावणी या अर्थाचा. बादशाही छावणीतील भाषा म्हणून एका संपूर्ण भाषेला ते नाव मिळाले.

या शोधात एक गोष्ट अशी निघाली की तिने आमच्या वादाचे सारे बळच गेले. आम्ही शाळेत कन्नडही शिकतो. रस्त्यावरच्या एका कन्नड फलकावरील अक्षरे आम्ही लावून पाहिली, तर त्यावर ‘शिबिर’ असेच लिहिलेले होते. कन्नड भाषेत सैन्याला ‘दंडु’ म्हणतात व बेंगळूरच्या जुन्या कँटोनमेंटलाही त्या भाषेत तेच नाव आहे. परंतु आरोग्य तपासणीचे असो वा विद्यार्थ्यांचे असो, शिबिराला शब्द मात्र आमचाच, किंवा म्हणा, त्यांचाच. जो शब्द आम्ही ‘आपला’ म्हणून छातीशी धरला होता तो शेजाऱ्याच्या घरीही तितकाच जुना निघाला. आणि जो ‘परका’ म्हणून खोडला होता त्याचा एक भाऊ शिंदेशाहीपासून आमच्या घरी राहत होता. आता कोणत्या शब्दासाठी कोणाशी भांडावे?

याचा अर्थ शब्द कोणताही चालतो, असा मात्र कोणी घेऊ नये. आमचे मत तसे नाही. एका शब्दाने सर्व कामे करू लागलो की भाषा गरीब होते. मराठीने ही कामे फार शहाणपणाने वाटून दिली आहेत. सैन्य मुक्कामाला थांबले की तळ पडतो. दुष्काळात गुरांसाठी चारा-छावणी उघडते. तिला कोणी शिबिर म्हणत नाही. शिकण्यासाठी वा सेवेसाठी माणसे काही दिवस एकत्र जमली की ते शिबिर. ऊसतोडीच्या हंगामात साखर कारखान्यांच्या आसपास मजुरांच्या खोपी पडतात, त्यांना कॅम्प म्हणावे असे कोणाला सुचतसुद्धा नाही. आणि ‘समर कॅम्प’च्या रंगीत जाहिराती वाचताना त्या खोपींतील मुले आठवली, म्हणजे शब्दाशब्दांतले अंतर ध्यानात येते. हे सारे बारकावे पुसून सर्वत्र ‘कॅम्प’ लिहिणे हा आळस आहे. तसेच, बेळगावच्या कॅम्पाला कोणी हट्टाने ‘शिबिर’ म्हणू लागला तर तोही हट्टच. बसचा वाहक त्याला कोठेही उतरवून देईल. विशेषनाम म्हणून कॅम्प राहावा आणि सामान्यनाम म्हणून आपले तळ, छावणी, शिबिर हे शब्द राबते ठेवावे, हा आमचा निर्णय. सीमेवरच्या माणसाने शब्द जपावे हे पहिल्या पक्षाचे म्हणणे खरेच आहे. परंतु शब्द जपले जातात ते वापराने; दुसऱ्याचा शब्द खोडल्याने नव्हे.

परंतु आमच्या मनात याहून मोठा प्रश्न शिल्लक राहिला. शब्दाचे कूळ शोधता शोधता आम्हांस माणसांचे निरनिराळे तळ दिसले. या शब्दाला विसाव्या शतकाने लावलेला काळिमा आम्ही विसरू शकत नाही. बोअर युद्धात इंग्रजांनी बायकामुलांना तारांच्या कुंपणात कोंडले आणि पुढे जर्मनीच्या नाझी राजवटीने छळछावण्यांत लाखो निरपराध माणसे मारली. माळाभोवती कुंपण घातले की त्याचे काय होऊ शकते, ते यावरून कळते.

पण त्याच महायुद्धाच्या काळात आमच्यापासून फार दूर नसलेल्या कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे पोलंडच्या निर्वासितांसाठी कॅम्प उघडला होता. १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश माणसे, त्यांत पुष्कळ स्त्रिया व मुले, तेथे राहून गेली. ती गेल्यावर फाळणीमुळे घरे सुटलेल्या सिंधी कुटुंबांनी तेथे संसार थाटला. आज त्या जागी गांधीनगर आहे. आमच्या बेळगावात १९२४ च्या डिसेंबरात राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले. महात्मा गांधी ज्याचे अध्यक्ष होते असे ते एकच अधिवेशन. टिळकवाडीच्या परिसरात गंगाधरराव देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोकळ्या जागेवर एक नगर उभे केले, त्याला विजयनगर नाव दिले. पाण्यासाठी तेव्हा खोदलेली विहीर आजही ‘काँग्रेस विहीर’ म्हणून दाखवितात. देशाच्या सर्व भाषांची माणसे त्या माळावर उतरली होती. आणि निपाणीला १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी पुणे-बेंगळूर महामार्गावरच तळ दिला. शेवटी गोळीबार झाला, शेतकऱ्यांचे प्राण गेले. त्या तळावर तंबाखू पिकविणारा बसला होता. तो घरी मराठी बोलतो की कन्नड, हे तंबाखूच्या भावाने विचारले नव्हते.

बालवीर चळवळीचा आरंभही अशाच एका तळाने झाला. १९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडातील ब्राउनसी बेटावर बेडन पॉवेल यांनी सुमारे वीस मुलांना घेऊन तंबू ठोकले. त्यांनी श्रीमंतांच्या शाळांतील मुले आणि कष्टकऱ्यांची मुले मुद्दाम एकत्र घेतली होती. आम्हीही तीन दिवस तसेच राहिलो होतो. चूल एकाने लावली, पाणी दुसऱ्याने आणले, रात्रीचा पहारा तिसऱ्याने दिला. आणि परत येऊन काय केले, तर त्या तीन दिवसांच्या नावावरून दोन कंपू पाडले! माळावर जे साधले होते ते आम्ही वर्गात घालविले.

‘कॅम्प’ या एका शब्दात दोन वाटा आहेत, असे आम्हांस दिसते. एक वाट कंपूकडे जाते. ती सोपी आहे. कुंपण घालावे, आत ‘आपले’ घ्यावेत, बाहेर ‘ते’ ठेवावेत. इंग्रजीतही ‘दोन कॅम्प’ म्हणजे दोन विरोधी गट. आमच्या गावाला ही वाट चांगली परिचयाची आहे, आणि तिच्यावर चालून कोणाचे पोट भरल्याचे आम्ही ऐकलेले नाही. दुसरी वाट माळाकडे जाते, म्हणजे शब्दाच्या मूळ घराकडे. माळावर कोणीही उतरावे, आपली राहुटी आपण ठोकावी, आपली भाषा आपण बोलावी आणि पाणी एकाच विहिरीचे प्यावे. आपली राहुटी मोडून टाका असे आम्ही कोणाला सांगत नाही, आणि आमची आम्ही मोडणारही नाही. आमची मराठी शाळा ही आमची राहुटीच आहे. परंतु राहुटीला दार असते, आणि ते माळाकडे उघडते, एवढे आम्ही विसरू नये.

वृत्तान्ताचे शीर्षक अखेर ‘आमचे बालवीर शिबिर’ असेच राहिले, हे वाचकांस याच अंकात पाहावयास मिळेल. आतील मजकुरात मात्र ‘आमची गाडी कॅम्पातून निघाली’ असे वाक्य आहे. ते तपासणाऱ्याने खोडले नाही. ज्या मित्राने दप्तर उचलून नेले होते तो दुसऱ्या आठवड्यात आपल्या जुन्या बाकावर परत आला. त्याने काही स्पष्टीकरण दिले नाही, आणि कोणी मागितलेही नाही.